तारोडीची ट्रायल

आमचं घर भाड्याने द्यायचं ठरलंय, हे मला लिफ्टमध्ये कळलं.

तिसऱ्या मजल्यावरची बाई भाजीची पिशवी सांभाळत म्हणाली, "भाभी, सुना आप लोग एक साल घूमने जा रहे हो, फ्लॅट रेंट पे दे रहे हो. अच्छा है, बेटी सेट हो गई, अब एन्जॉय करो." मी हसले. मीरा रोडला आल्यापासून एक गोष्ट शिकलेय, लिफ्टमध्ये तोंड उघडायचं नाही. पाचव्या मजल्यावर उतरले, दार उघडलं आणि नवऱ्याला विचारलं, "अहो, आपण कुठे चाललोय?"

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. लिहिताना करणार नाही. एवढी तरी मोकळीक मला असू दे.

तो सोफ्यावर मोबाइल बघत होता. मान वर न करता म्हणाला, "सांगणारच होतो."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. गावची जमीन भावाच्या नावावर सही करून दिली, तेव्हा सांगणारच होता. मुलीची शाळा बदलली, तेव्हा सांगणारच होता. माझ्या आईला आयसीयूत हलवलं, तेव्हासुद्धा संध्याकाळी घरी येऊन सांगणारच होता. चौतीस वर्षं हा माणूस मला सांगणारच आहे. एरवी विचारायला जावं तर तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो.

दोन वर्षांपूर्वी तो बँकेतून रिटायर झाला. सहा महिने पेपर वाचला, सहा महिने बागेत चालला, आणि मग त्याला ते व्हिडिओ सापडले. एक जोडपं, त्यांच्या गाडीमागे एक चाकांची खोली, आणि दर व्हिडिओत वेगळा डोंगर. बायको दारात बसून कॉफी पिते. कायम हसतमुख. भांडी कोण घासतं ते एकाही व्हिडिओत दाखवत नाहीत. मला वाटलं, बघतोय तर बघू दे, बघण्याने काय होतंय. तोवर काशीमीऱ्याच्या एका गॅरेजमध्ये याची स्वतःची चाकांची खोली अर्धीअधिक बांधून झाली होती. ओढायला जुनी जीपसुद्धा घेऊन ठेवली होती. फक्त माझा पत्ता कट झाला होता.

त्या दिवशी मी इतकी भांडले की समोरच्या घरातला टीव्ही बंद झाला. आता लोकांना वाटेल, बाई कजाग आहे. आहे. माझा राग मोठा आहे, माहेरी सगळे सांगायचे. पण मला सांगा, मी परळच्या चाळीतल्या एका खोलीत लग्न करून आले. सासू, सासरे, दोन दीर आणि आम्ही. अंग चोरून, पाय दुमडून अकरा वर्षं काढली. मग हा दोन बेडरूमचा फ्लॅट झाला, दोघांच्या नावावर, कारण अर्धा माझ्या शिलाईतून उभा राहिलाय. बाल्कनीच्या खिडकीशी माझं मशीन आहे. नया नगरपासून बायका ब्लाउज शिवायला येतात, ईदच्या आधी तर मला जेवायला फुरसत नसते. आणि हा मला सांगतो की हे सगळं सोडून वर्षभर एका डब्यात राहायचं, आमच्या त्या खोलीपेक्षा लहान डब्यात. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

"वर्षाचाच प्रश्न आहे," तो म्हणाला.

"सही कुणाची लागते करारावर?" मी विचारलं.

त्याने पुन्हा मोबाइल हातात घेतला. सही दोघांची लागते. फ्लॅटमधलं बाकी सगळं कुणीही हलवलं असतं, पण माझी सही माझ्याच हातात होती.

दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी त्याने तोडगा काढला. गॅरेजच्या मिस्त्रीनेच म्हणे सुचवलं होतं, आतलं फिनिशिंग करायच्या आधी एकदा राहून बघा. तारोडीला त्याच्या बँकेतल्या मित्राची वाडी आहे, समुद्राला लागून. शनिवारी जायचं, रविवारी संध्याकाळी परत.

"नीट ऐका," मी म्हटलं. "ट्रायल झाल्यावर मी हो म्हटलं तर सही. नाही म्हटलं तर तो डबा विकायचा आणि पुन्हा नाव काढायचं नाही. आणि तोवर कुणालाही शब्द द्यायचा नाही."

"नाही देत," तो म्हणाला.

शुक्रवारी दुपारी आम्ही डबा आणायला काशीमीऱ्याला गेलो. एका बाजूला ट्रकच्या बॉड्यांचं वेल्डिंग चाललेलं, समोर हायवेवर कंटेनरची रांग, आणि मध्ये हा पांढरा डबा, मधोमध दोन चाकं, पुढे जीपला अडकवायचा दांडा. नवऱ्याने दार असं उघडलं की जणू आत बाळंतीण आहे. आत पुढच्या बाजूला पलंग, मधे बसायची बाकं, आणि अगदी मागे ओटा नि सिंक, बाहेरून उघडता येईल अशा झडपेसकट. मी पर्समधून टेप काढली आणि मापलं. माझ्या घरातलं किचन आणि हा अख्खा डबा, जेमतेम दोन इंचांचा फरक.

"मॅडम, बर्थ के नीचे पूरा स्टोरेज दिया है," मिस्त्री म्हणाला. बिचारा कौतुकाची वाट बघत होता. मी म्हटलं, "अच्छा है." त्याचा काय दोष.

मग त्याने नवऱ्याला पुढे दांड्याजवळ नेलं आणि दोघं उकिडवे बसले. मिस्त्री हाताने चाकं दाखवत होता, मग डब्याची मागची बाजू, मग पुढची, आणि नवरा मान डोलवत होता. चांगली दहा मिनिटं. जीपमध्ये बसल्यावर मी विचारलं, "काय सांगत होता तो?"

"काही नाही. टेक्निकल आहे."

डबा सोसायटीत घ्यायला वॉचमनने नकार दिला, तेव्हा तो रात्रभर गेटबाहेर रस्त्याच्या कडेला उभा राहिला.

आता पाण्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. आमच्याकडे पाणी सकाळी पावणेसहाला येतं आणि साडेसहाला जातं. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा एक दिवस आड यायचं, कधी टँकर, कधी तोही नाही. त्या वर्षांनी माझ्या अंगात एक सवय मुरवलीय. नळाची सूं सूं ऐकू आली की मी झोपेतून उठून भांडी लावते. कुकर, पातेली, तांब्या, सगळं. आता चोवीस तास टाकी भरलेली असते, तरी लावते. सुनेला हसतात तसं मला मुलगी हसते. आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या वयाची एकही बाई नसेल जी हे करत नाही.

तर शनिवारी पावणेसहाला पाणी आलं आणि मी खाली उतरले. बागेच्या नळाला पाइप लावला, रस्त्यापर्यंत ओढला, आणि भरायला घेतलं. डब्याची स्वतःची टाकी, ओट्याखालची, ती काठोकाठ. वीस लिटरचे चार कॅन. घरातलं स्टीलचं पिंप. दोन कळशा. एक बादली, झाकण लावून. तारोडीला पाण्याचं काय, विहीर आहे म्हणे, पण दुसऱ्याच्या विहिरीवर कोण विसंबतं. पाणी किचनमध्ये लागतं, म्हणून सगळं किचनमध्ये ठेवलं. किचन मागे होतं. मी घामाघूम झाले होते आणि मनातल्या मनात त्याला शिव्या देत होते, की ट्रायल याची आणि हमाली माझी.

तो अंघोळ करून, गंध लावून खाली आला. चाकांखाली लिंबं ठेवली, दांड्यावर नारळ फोडला. मागे जाऊन झडप उघडून आत बघितलं. मी बघत होते. त्याने झडप लावली आणि म्हणाला, "चल, निघू."

भाईंदरचा पूल उतरतानाच मला जाणवलं की मागून कुणीतरी आम्हाला ढकलतंय. "अहो, हे हलतंय," मी म्हटलं.

"थोडं हलणारच."

पूल संपला, वेस्टची गर्दी संपली, आणि मुर्ध्याच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे मिठागरं, रस्ता मोकळा. मोकळा रस्ता बघून याने पाय दाबला. डबा एकदा डावीकडे झुलला, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि दर वेळी जास्त. जीपचं तोंड आमच्या हातात राहिलं नाही. मागचा डबा जीपला धरून हलवत होता. समोरून स्कूटीवर एक बाई येत होती, ती सरळ रस्त्याखाली चिखलात उतरली. नवऱ्याने ब्रेक मारला आणि ते आणखीच वाईट झालं. डब्याची शेपटी फिरली, गावातल्या पहिल्या घराच्या कुंपणाच्या भिंतीवर आदळली, आणि आम्ही आडवे उभे राहिलो.

  हात-पाय हलवून बघितले, त्याचे बघितले, मग खाली उतरले.  स्कूटीवाली चिखलातून चप्पल शोधत आम्हाला जे बोलली ते रास्तच होतं. ती गेली.

मग त्या घरातून एक म्हातारी आली. गाऊनवर टॉवेल, हातात झाडू. आधी भिंतीचा पडलेला कोपरा बघितला, मग डबा.

"यो घर कोनाचा हाय?" तिने विचारलं.

"आमचंच," नवरा म्हणाला.

"मंग माझ्या घरावं कशाला घातलास?"

 म्हातारी मागे गेली. झडप वाकडी होऊन उघडली होती आणि आतून पाण्याची धार लागली होती. तिने आत डोकावून बघितलं. पिंप, कॅन, कळशा.

"येवरा पानी? मागं? कोनी भरला?"

आणि माझा नवरा म्हणाला, "मी."

आता या ठिकाणी एखादीला भरून आलं असतं. नवऱ्याने बायकोची चूक अंगावर घेतली, किती मोठं मन. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाने माझं घर मला न विचारता भाड्याला काढलं, आणि आता माझी चूकसुद्धा मला न विचारता घेतली.

"मी भरलं," मी म्हटलं. "पावणेसहाला उठून भरलं. यांचं नाव नका घेऊ."

"कोनी का भराना," म्हातारी म्हणाली. "आमच्या मिठाच्या गार्‍या व्हत्या. मागं वजन झाला का गारी उलाल होते, जू वर उचलतो. ह्या आमच्या बैलांना पन कलत व्हता."

मी जीपकडे बघितलं. खरंच, जीपचा मागचा भाग वर उचललेला होता, दांड्याने उपटून धरल्यासारखा. आणि मला गॅरेजमधली ती दहा मिनिटं आठवली. मिस्त्रीचा हात, चाकं, मागची बाजू, पुढची बाजू.

"हेच सांगत होता ना तो मिस्त्री?" मी नवऱ्याला विचारलं.

तो वाकलेली झडप चाचपायला लागला.

"मागे वजन ठेवू नका, असंच ना?"

"चाकांच्या पुढे ठेवा म्हणाला. आणि चालताना टाकी रिकामी ठेवा."

"आणि सकाळी तुम्ही झडप उघडून बघितलंत. पाणी दिसलं?"

"दिसलं."

"मग?"

"तू आधीच तापली होतीस," तो म्हणाला. "काढ म्हटलं असतं तर तू निघालीच नसतीस."

 म्हणजे माझं बोलणं ऐकून घेण्यापेक्षा त्याला भिंतीवर आदळणं सोपं वाटलं. मी रस्त्यात उभी राहून काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. गावची चार माणसं जमली होती, आणि मी चौतीस वर्षांचं बोलले. तुम्हाला बायको नको, मुकी भिंत हवी होती, असंही बोलले. मरायला हरकत नाही पण तोंड उघडायला हरकत, असंही.  शेवटी म्हातारीनेच मला थांबवलं, आणि तेही माझी दया येऊन नाही.

"भांडान मंग कर गो बाय. पानी वाया चाललाय. माझा नल दोन दिस आला न्हाय. ओत माझ्या पिपात. आन मंगलवारी गवंडी पाठव, न्हायतर भाईंदरभर तुझा दार शोधत फिरन."

मग आम्ही दोघं तिच्या ओसरीवरच्या निळ्या पिंपात पाणी ओतायला लागलो. मी कळशा, तो कॅन.  चौथ्या का पाचव्या खेपेला, पिंपावर कॅन उपडा धरून, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मी सांगायला हवं होतं."

 हे वाक्य मी त्याच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. त्यात 'पण' नव्हतं, 'तू तरी' नव्हतं. नुसतं तेवढंच.

घरी परत जाता आलं असतं. झडप वाकली होती, पण चाकं शाबूत होती. मीच म्हटलं, "चला तारोडीला." प्रेमाने नाही. अर्ध्यातून फिरले असते तर जन्मभर ऐकावं लागलं असतं, की तू ट्रायल पुरी घेतलीच नाहीस. मला माझं 'नाही' पुरं हवं होतं.

डबा आता गाईसारखा मागून आला. तारोडीला पोचेपर्यंत दुपार झाली. वाडीत नारळाची झाडं, पलीकडे खडक आणि समुद्र, वाऱ्याला सुकत्या बोंबलांचा वास. कुणी नव्हतं. त्याने चाकांना दगड लावले, मी पिठलं-भात केला. ओट्यावर एका वेळी एकच पातेलं राहत होतं. त्याने कांदा चिरला, कारण दुसरीकडे उभं राहायला त्याला जागाच नव्हती. घरी मी त्याला किचनमध्ये येऊ देत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

आणि आता जे लिहितेय ते कबूल करायला मला अजून राग येतो. मला आवडलं. संध्याकाळी दार सताड उघडं, पायरीवर आम्ही दोघं चिकटून बसलेलो, कारण पायरी तेवढीच होती. समोर पाणी, मागे हात लांबवला की चहाचं भांडं हाताला लागतं. झाडायला दोन मिनिटं, पुसायला तीन. बेल वाजत नव्हती. मापं घ्यायची नव्हती. व्हिडिओतली ती बाई उगाच हसत नसावी, असं वाटून गेलं आणि मी स्वतःवरच चिडले.

"वर्षभर कशाला जायचंय तुम्हाला?" मी विचारलं. भांडायला नाही, खरंच विचारलं.

 तो म्हणाला, "बायका मापं द्यायला येतात ना, तेव्हा मी बेडरूममध्ये जातो."

"मग?"

"दिवसातले चार-पाच तास जातात. दार लावून. दोन वर्षं झाली. बाथरूमला जायचं असलं तरी बाहेर आवाज आहे का ते आधी ऐकतो."

मला हे माहीत नव्हतं. म्हणजे तो आत जातो हे माहीत होतं, मीच सांगायचे, 'अहो, जरा आत जा.' आत जाऊन तो काय करतो, हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नाही. माझी गिऱ्हाइकं, माझी खिडकी, माझं मशीन. दोन बेडरूमच्या घरात या माणसाला पलंगाची कड तेवढी उरली होती. "बोलायचं होतंत," मी म्हटलं. तो म्हणाला, "तुझं काम चाललेलं असतं." आणि मी पहिल्यांदा त्याला उलट बोलले नाही.

रविवारी सकाळी मला लवकर जाग आली. तो पलंगाच्या कडेला अंग चोरून झोपला होता, चाळीत झोपायचा तसा. मी चहा ठेवला आणि ठरवलं. वर्ष नाही, सहा महिने. ईद झाल्यावर निघायचं, गणपतीच्या आत परत. मशीन पलंगाखाली बसतं की नाही ते टेप लावून बघितलं, बसत होतं. मी सही करणार होते. तो विहिरीवर अंघोळीला गेला, आणि तो आला की चहा देताना सांगायचं, असं मी ठरवलं. कसं सांगायचं तेही ठरवलं, जरा ताठ्यात, म्हणजे लगेच शेफारायला नको.

माझा फोन वाजला. सोसायटीचा वॉचमन.

"मॅडम, सर फोन उचलत नाहीयेत. ते नवीन भाडेकरू आलेत, टेम्पो घेऊन. सरांनी चावी दिलीय त्यांना, रविवारी सामान येईल बोलले होते. पण तुमच्याकडून काय कन्फर्म नव्हतं, म्हणून विचारतो. सोडू का वर?"

मागे एका मुलीचा आवाज ऐकू येत होता, "भैया, धूप में कब तक खड़े रहें?"

माझ्या घराबद्दल मला कुणीतरी विचारलं होतं. विचारणारा वॉचमन होता.

"थांबवा," मी म्हटलं. "मी येतेय. तोवर त्या मुलीला तुमच्या केबिनमध्ये पंख्याखाली बसवा, पाणी द्या. तिची काही चूक नाही."

नवरा डोकं पुसत आला. पायरीवर दोन कप बघून त्याचा चेहरा खुलला. "कुणाचा फोन?"

"वॉचमनचा. टेम्पो आलाय."

त्याचा हात डोक्यावरच थांबला. मग तो भराभर बोलायला लागला, इतकं मी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. फक्त मागच्या खोलीत सामान ठेवणार होते, त्यांच्या जागेची मुदत काल संपली, नवीन लग्न झालंय, चांगली पोरं आहेत, करार तर उद्या होता, तुझ्या सहीशिवाय काहीच होणार नव्हतं. मी ऐकून घेतलं. वाडीत कुणी नव्हतं, पाहिजे तेवढं ओरडता आलं असतं. ओरडावंसं वाटलं नाही. राग इतका होता की तो आवाजात मावला नसता.

"शब्द देणार नाही म्हणाला होतात," मी म्हटलं.

"तू नाहीच म्हणाली असतीस," तो म्हणाला. "मला माहीत होतं. म्हटलं, सगळं ठरलेलं असलं की मग तू..."

"मी हो म्हणणार होते."

त्याने हातातला टॉवेल खाली घेतला.

"आत्ता. हा चहा देताना. सहा महिन्यांसाठी. मशीन पलंगाखाली बसतं, मी मापून बघितलंय."

हे मी मुद्दाम सांगितलं. न सांगता निघाले असते तर तो जन्मभर समजला असता की बायको हट्टी होती म्हणून राहून गेलं. त्याला लागावं म्हणून सांगितलं, आणि लागलं. तो पायरीवर बसला, माझ्या कपाशेजारी.

सही मी केली नाही, हे इथेच सांगून टाकते. त्या मुलीला घरी बसवून जेवू घातलं, तिची माफी मागितली, आणि नाही म्हटलं. ती रडली. तिच्या नवऱ्याने मला जे ऐकवलं ते माझ्या नवऱ्याने ऐकायला हवं होतं, पण तो तिथे नव्हता.

कारण तारोडीला मी पर्स उचलली आणि बससाठी रस्त्याकडे चालायला लागले. वाडीच्या फाटकापर्यंत गेले असेन. मागून त्याने हाक मारली. "अगं," तो म्हणाला, "मी येऊ का?"

तो मला विचारत होता. मी काय म्हणेन ते त्याला खरंच माहीत नव्हतं, आवाजातून कळत होतं.

"नको," मी म्हटलं.